400 हुक, 6 धागे: एका चादरीच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024

या प्रकल्पात एकच काम करायचे आहे. संगणकाने एका ठरलेल्या नियमाप्रमाणे ओळीमागून ओळ रचलेला आकृतिबंध सोलापूरच्या जेकार्ड मागावर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांच्या साखळीप्रमाणे धागे उचलणाऱ्या मागावर, विणून घ्यायचा आणि तो चादरीच्या आकाराच्या कापडात उतरवायचा. गेली काही वर्षे मी प्रोग्रामने काढलेली चित्रे कागदावर छापत आले. कागद आणि छपाईयंत्र यांना कोणतेही चित्र चालते, त्यांची स्वतःची काही अट नसते. मागाला अट असते, आणि त्या अटीचा माझ्या नियमावर काय परिणाम होतो हे मला पाहायचे आहे.

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदारांनी त्यांचा एक जुना माग या कामासाठी देण्याचे मान्य केले आहे. त्यावर 400 हुकांचे जेकार्ड आहे. म्हणजे ताण्याचे (उभे) 400 धागे एकमेकांपासून स्वतंत्रपणे उचलता येतात, आणि तीच 400 धाग्यांची रचना पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, पाच वेळा शेजारी शेजारी उमटते. एका आवृत्तीची रुंदी सुमारे 11 इंच भरते. ताणा गडद निळा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, पांढरा ठेवायचा, वीण एकपदरी ठेवायची आणि तिसरा रंग घ्यायचा नाही, हे मी आजच ठरवून टाकले, कारण नियमात 0 आणि 1 एवढीच दोन मूल्ये आहेत आणि कापडातही दोनच हवीत. कार्डाला भोक असेल तिथे हुक उचलला जाऊन निळा धागा वर येईल, भोक नसेल तिथे धागा खाली राहून त्यावरून पांढरा बाणा जाईल.

25 नोव्हेंबर 2024

नियम निश्चित केला. शास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रॅम यांनी 1983 मध्ये ज्या साध्या नियमांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, त्यांपैकी हा 30 क्रमांकाचा नियम आहे. ग्राफच्या कागदावर एक ओळ भरलेली आहे असे समजावे. तिच्याखालच्या ओळीतील प्रत्येक घर भरायचे की रिकामे ठेवायचे, हे ठरवताना वरच्या ओळीतील तीनच घरे पाहायची: नेमके वरचे, त्याच्या डावीकडचे आणि त्याच्या उजवीकडचे. वरचे आणि उजवीकडचे यांपैकी एक तरी भरलेले असेल तर त्या जोडीला भरलेली म्हणायचे. ही जोडी आणि डावे घर यांची स्थिती वेगळी असेल तर खालचे घर भरायचे, सारखी असेल तर रिकामे सोडायचे. तीन घरांच्या आठ शक्यता होतात. त्यांची उत्तरे ठरावीक क्रमाने लिहिली की 00011110 ही द्विमान संख्या मिळते आणि तिची दशमान किंमत 30 भरते, म्हणून नियमाचे नाव तसे पडले.

नियम इतका लहान असूनही त्यातून निघणारी रचना पुढे कशी जाईल हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. तिच्यात लहानमोठे त्रिकोण सारखे उगवतात आणि मिटतात, आणि काही समुद्री गोगलगायींच्या शंखांवर याच्याशी फार मिळतीजुळती नक्षी आढळते. यात फाशांचा किंवा यादृच्छिक संख्यांचा काहीही वाटा नाही. पहिली ओळ तीच ठेवली तर हजारावी ओळही दर वेळी तीच येते.

हा नियम घेण्याचे खरे कारण मात्र त्याची गती आहे. तो वरून खाली, एकेक ओळ करत चालतो आणि प्रत्येक ओळ फक्त आधीच्या ओळीवरून ठरते. मागही तसाच चालतो. एका बाण्याला एक कार्ड, ते कार्ड फिरले की पुढचे. माझ्या माहितीतील बहुतेक संगणकचित्रे पूर्ण पृष्ठभाग एकदम समोर आहे असे धरून काढलेली असतात. विणकामासाठी ती गृहीत गोष्टच चुकीची ठरते, कारण विणणाऱ्यासमोर न विणलेले कापड नसतेच.

3 डिसेंबर 2024

पूर्व भागात राहणाऱ्या आणि आयुष्यभर चादरींचे ग्राफ काढत आलेल्या डिझाइन मास्तरांना आज 400 घरांच्या रुंदीचा नमुना छापून दाखवला. नक्षी काय आहे हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी पट्टी काढली, कागदावरच्या एका मोठ्या पांढऱ्या त्रिकोणाच्या वरच्या कडेला लावली आणि घरे मोजायला सुरुवात केली.

“ताई, हा बाणा इथं चौदा धाग्यांवरनं मोकळा जातोय. चादर पायाशी असती. जोडव्यात अडकला की धागा निघालाच म्हणून समजा.”

त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट अशी. ओळीत सलग चौदा घरे रिकामी असतील तर ताण्याचे सलग चौदा धागे खाली राहतात आणि पांढरा बाणा त्या सर्वांवरून कुठेही न बांधला जाता जातो. सलग चौदा घरे भरलेली असतील तर तोच बाणा मागच्या बाजूने तसाच सुटा राहतो. उभ्या दिशेने एकाच रंगाची घरे लागली तर निळा ताणा सुटा राहतो. अशा सुट्या धाग्यांनी कापड सैल पडते आणि धुण्यात, वापरण्यात ते ओढले जातात. नेहमीच्या फुलांच्या किंवा मोरांच्या डिझाइनमध्ये मास्तर मोठ्या एकरंगी जागांत ठरावीक अंतराने एकेक बांधणीचा टिपका देतात. तो लांबून दिसत नाही आणि कापडाला पकड येते. या सुतासाठी आणि या मागासाठी किती धागे सुटे चालतील, असे विचारल्यावर त्यांनी सहा सांगितले. “सात चालंल, पण मी सहाच्या वर जात नाही.”

घरी येऊन हिशोब केला. या नियमाने चालणाऱ्या रचनेत भरलेली आणि रिकामी घरे साधारण निम्मी निम्मी असतात, आणि सलग सारख्या घरांची लांबी एकाने वाढली की तशी जागा सापडण्याची शक्यता निम्मी होते. बाराशे कार्डांच्या साखळीत 400 प्रमाणे 4 लाख 80 हजार घरे होतात. एवढ्या विस्तारात कुठे ना कुठे अठरा धाग्यांच्या आसपास लांबीचा सुटा बाणा येणारच. मास्तरांना दाखवलेल्या तुकड्यातील चौदा ही काही अपवादाने आलेली संख्या नव्हती.

7 डिसेंबर 2024

व्हेरा मोल्नार यांच्या निधनाला आज एक वर्ष झाले. 1924 मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीने 1959 पासून ‘काल्पनिक यंत्र’ नावाची पद्धत वापरली. हाताशी संगणक नसताना तिने स्वतःसाठी नियम लिहिले आणि ते यंत्राच्या शिस्तीने पायरी पायरीने हाताने पाळले. प्रत्यक्ष संगणक तिला 1968 मध्ये मिळाला. शिस्तबद्ध चौकोनांच्या मांडणीत एक टक्का अव्यवस्था मिसळली तर काय घडते, हा तिचा आवडता प्रश्न होता. जवळपास त्याच काळात संगणकाने चित्रे काढणारे जर्मन कलावंत गेऑर्ग नीस यांनी 12 रुंद आणि 22 उंच अशी चौकोनांची मांडणी केली, जिच्यात वरचे चौकोन नीट रांगेत आहेत आणि खाली येता येता ते अधिकाधिक कलंडत विखुरतात.

दोघांनीही अव्यवस्था बाहेरून, यादृच्छिक संख्यांच्या रूपाने, मोजून आत सोडली. मला या दोघांविषयी फार आदर आहे, पण त्यांच्या कामाकडे पाहताना एक प्रश्न मनात राहतोच: ती एक टक्का अव्यवस्था कोणाची? चित्रकाराने ती मागवली म्हणून आली, चौकोनांना तिची गरज नव्हती. या कापडातील अव्यवस्था कुठून यावी याचे उत्तर मला त्याहून घट्ट हवे आहे.

15 डिसेंबर 2024

मास्तरांची सहा धाग्यांची अट पाळण्याचे दोन मार्ग आहेत, आणि या प्रकल्पाचा सगळा भार त्यांच्यातील निवडीवर येऊन पडला आहे.

पहिला मार्ग मास्तरांच्या नेहमीच्या पद्धतीचा. नियमाने पूर्ण आकृती आधी काढून घ्यायची, मग सहापेक्षा लांब सुटा धागा दिसेल तिथे एक घर उलटे करायचे. हा टिपका फक्त कार्डावर येतो. नियमाला त्याचा पत्ता लागत नाही आणि पुढची ओळ टिपका नसलेल्या मूळ ओळीवरूनच ठरते. कापड मजबूत होते, आकृती गणितात होती तशीच राहते, आणि कापड हे त्या आकृतीची किंचित डागडुजी केलेली प्रत बनते.

दुसऱ्या मार्गात बांधणीचा टिपका नियमाच्या आत घ्यायचा. ओळ नियमाने ठरली की ती डावीकडून उजवीकडे तपासायची. सलग सहा घरे सारखी आली आणि सातवेही तसेच येऊ लागले, तर ते सातवे उलटे करायचे आणि ही दुरुस्त ओळच पुढच्या ओळीची जननी धरायची. म्हणजे सुताच्या ताकदीसाठी दिलेला टिपका खालच्या तीन घरांच्या निर्णयात भाग घेतो, ती तीन घरे त्यांच्या खालच्या पाचांच्या, आणि शंभर ओळींनंतर त्या एका टिपक्याने काय काय बदलले हे वेगळे काढून दाखवणेही शक्य राहत नाही.

मी दुसरा मार्ग घेतला. सौंदर्याच्या दृष्टीने तो सरस आहे की नाही, हे आज मला सांगता येणार नाही. पण पहिल्या मार्गाने तयार झालेले कापड कागदावर छापले असते तरी चालले असते, आणि तसे असेल तर मागावर जाण्याचे कारणच उरत नाही. सुताला सहा धाग्यांपलीकडे मोकळे जाणे मानवत नाही, ही गोष्ट आकृतीच्या जन्मातच असली पाहिजे.

22 डिसेंबर 2024

आज जे हाती लागले त्याने मी दिवसभर दुसऱ्या कशाला हात लावू शकले नाही. ते सविस्तर लिहून ठेवते.

पहिली ओळ कोणती घ्यायची, हा प्रश्न शिल्लक होता. नियम 30 दाखवताना रिकाम्या ओळीत एकच घर भरून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. मीही तेच घेतले. पण रिकामी ओळ म्हणजे 399 धाग्यांवरून मोकळा जाणारा बाणा, आणि असे कापड अस्तित्वातच येऊ शकत नाही. सहाची अट लागू केली की त्या रिकाम्या जागेत आपोआप टिपके पडू लागतात: सहा घरे रिकामी, सातवे भरलेले, पुन्हा सहा रिकामी, सातवे भरलेले. गणितातली कोरी पार्श्वभूमी कापडात कोरी राहू शकत नाही.

आता मागाची दुसरी अट. 400 धाग्यांची रचना पन्ह्यात शेजारी शेजारी पाच वेळा येते, त्यामुळे शेवटच्या घराचा उजवा शेजारी म्हणजे पुन्हा पहिलेच घर. ओळ सरळ नसून तिला वळसा आहे. एका भरलेल्या घरापासून निघून दर सातव्या घरी टिपका देत हा वळसा पूर्ण केला तर काय होते? 7 गुणिले 57 म्हणजे 399. सत्तावन्नावा टिपका बरोबर मूळ घराच्या आधीच्या घरात पडतो. संपूर्ण ओळीत टिपके सहा सहा घरांच्या अंतराने बसलेले आहेत आणि एकाच ठिकाणी दोन टिपके एकमेकांना चिकटले आहेत.

मास्तर म्हणाले होते की सात चालतील. सातची मर्यादा धरली तर टिपका दर आठव्या घरी पडतो, 8 गुणिले 50 म्हणजे बरोबर 400, आणि वळसा कुठेही अडखळत नाही. मी भरलेले मूळ घर उरलेल्या एकोणपन्नास टिपक्यांहून वेगळे ओळखताही येत नाही, आणि त्या ओळीतून निघणारी पूर्ण चादर आठ घरांची एकच छोटी नक्षी पुन्हा पुन्हा गिरवत राहते. नियम तोच, माग तोच, पहिले घरही तेच. एका धाग्याच्या फरकाने एका बाजूला पूर्ण एकसुरीपणा आहे आणि दुसऱ्या बाजूला एक जोडटिपका.

त्या जोडटिपक्यापासून सगळे सुरू होते. त्याच्यापासून दूर, जिथे टिपके समान अंतरावर आहेत, तिथे सात घरांची नक्षी नियमितपणे चालू राहते. सात घरांचे 0 आणि 1 मध्ये 128च प्रकार होऊ शकतात, तेव्हा आडव्या अटीपुरते पाहिले तर ही पार्श्वभूमी कधी ना कधी स्वतःची पुनरावृत्ती करणारच. जोडटिपक्यापासून निघालेला बिघाड मात्र उजवीकडे दर ओळीला एक घर, न चुकता, सरकतो, कारण या नियमात डाव्या घरातील बदल खालच्या घरात नेहमीच उतरतो. डावीकडे तो अडखळत जातो, कारण मधले घर भरलेले असेल तर उजवीकडून आलेला बदल तिथेच थांबतो. त्यामुळे शिस्तीच्या नक्षीत अव्यवस्थेची एक तिरकी पाचर शिरते, एका बाजूने ताठ कडेची आणि दुसऱ्या बाजूने दातेरी.

मोल्नार यांच्याविषयी लिहिताना जो प्रश्न मनात होता, त्याचे माझ्यापुरते उत्तर इथे मिळाले. या कापडातील अव्यवस्था मी मागवलेली नाही. 400ला 7ने भागल्यावर उरणाऱ्या 1 या बाकीतून ती आली आहे. 400 हा आकडा जेकार्ड बनवणाऱ्यांचा, सहा हा आकडा सुताचा आणि ते ओळखणाऱ्या हाताचा.

4 जानेवारी 2025

उभ्या दिशेची अट आज नियमात बसवली. एखाद्या उभ्या ओळीत सलग सहा घरे सारखी झाली की सातवे उलटे होते. अडचण अशी की उभ्या आणि आडव्या दुरुस्त्या एकमेकींना छेदू शकतात: आडवी ओळ तोडण्यासाठी जे घर उलटे करावे, त्याने उभी ओळ सातवर जाईल. अशा वेळी सलग सात घरांपैकी शेवटचेच न घेता, उलटे केल्यावर उभी अट मोडणार नाही असे मागचे घर निवडायचे, असे ठरवले. सातही घरे एकाच वेळी अडलेली असणे शक्य नाही, कारण तसे असेल तर नेमक्या वरच्या ओळीत तीच सात घरे सलग सारखी असायला हवीत आणि तशी ओळ तर आपण आधीच होऊ दिलेली नाही. तरीही पूर्ण साखळी तयार झाल्यावर दोन्ही दिशांनी वेगळ्या प्रोग्रामने पुन्हा तपासली. सहापेक्षा लांब सुटा धागा कुठेही नाही.

13 जानेवारी 2025

गड्डा यात्रेमुळे कारखाना बंद आहे आणि नंदीध्वजांच्या मार्गावर वाहने नेता येत नसल्याने मास्तरांकडेही जाणे झाले नाही. कागदावरचे काम केले.

बाण्याची घनता इंचाला 40 धरली तर 90 इंच लांबीला 3600 बाणे लागतात. तेवढी कार्डे पाडून घेणे खर्चाला झेपणारे नाही आणि साखळीचे वजनही मागाला पेलणार नाही, म्हणून 1200 कार्डांची साखळी तीन वेळा फिरवायची. शेवटचे कार्ड पहिल्याला बांधले जाते, तिथे नियमाचा धागा तुटतो, कारण बाराशेव्या ओळीतून पहिली ओळ निघत नाही. हा जोड लपवण्याचा विचार मी केला नाही. साखळीच्या शेवटी 12 कार्डे साध्या विणीची ठेवली आहेत, एक धागा वर आणि एक खाली. उरलेली 1188 नियमाची. चादरीत तो बारीक एकसारखा पट्टा दिसेल, त्यानंतर पहिली ओळ पुन्हा येईल आणि तिच्यामागून तेच सगळे घडेल. पाहणाऱ्याने दोन खंड शेजारी धरून पाहिले तर इतक्या गुंतागुंतीच्या रचनेत एकाही घराचा फरक नाही हे त्याला डोळ्यांनी पडताळता येईल, आणि या कामात नशिबाचा भाग नाही हे मला याहून चांगल्या रीतीने सांगता आले नसते.

28 जानेवारी 2025

कार्डे पाडण्याचे काम सुरू झाले. 400 हुकांच्या यंत्रात प्रत्यक्षात आठ आठच्या 51 रांगा, म्हणजे 408 सुया असतात. वरच्या आठ काठाच्या धाग्यांसाठी वापरल्या आहेत.

कार्ड पाडणाऱ्या कारागिरांनी एक रास्त शंका काढली. “फुलाचं डिझाइन असलं की एक भोक चुकलं तरी विणताना पाकळी तुटलेली दिसती. ह्याच्यात चुकलेलं कुणाला कळणार?” नक्षीला ओळखीचा आकार नसल्याने डोळ्याला चूक सापडण्याचा मार्गच नाही. पण कोणतेही कार्ड त्याच्या आधीच्या कार्डांवरून पुन्हा काढता येते. म्हणून पाडलेल्या कार्डांची छायाचित्रे घेऊन, भोके वाचून, प्रत्येक कार्ड नियमाने त्या जागी यायला हवे तेच आहे की नाही हे प्रोग्राम तपासतो. वेगळे निघालेले कार्ड लगेच बदलले जाते. कारागिरांना ही तपासणी मनापासून आवडली, आणि फुलांच्या डिझाइनलाही असे काही करता येईल का, असे त्यांनी विचारले. तिथे पुढचे कार्ड मागच्यावरून ठरत नाही, पण ग्राफच्या संगणकातील प्रतीशी पडताळा घेता येईल, आणि तो प्रोग्राम मी त्यांना करून देणार आहे.

या निमित्ताने 1839 मध्ये लियोनमध्ये रेशमात विणलेल्या, ज्यांच्या नावाने जेकार्ड ओळखले जाते त्या जाकार यांच्या व्यक्तिचित्राची आठवण झाली. त्याला 24 हजार कार्डे लागली होती, आणि गणनयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत मिळवून स्वतःकडे ठेवली होती. ते चित्र कोरीवकामाच्या छापासारखे दिसते आणि विणलेले आहे हे सांगावे लागते. कारागिरी म्हणून ती थोर आहे यात शंका नाही. माझ्या कामाची दिशा मात्र नेमकी उलटी आहे, हे ती कार्डे ओवली जाताना पाहून अधिक स्पष्ट झाले: तिथे चित्र आधी होते आणि कार्डांनी ते गाठले, इथे कार्डांच्या आधी काहीच नव्हते.

10 फेब्रुवारी 2025

मागावर साखळी चढली. ताणा जोडून झाल्यावर कांड्या भरून घेतल्या आणि दुपारनंतर पहिले काही इंच निघाले. मास्तर मुद्दाम आले होते. त्यांनी कापडावरून नख ओढून पाहिले. बाणा कुठेही उचलला गेला नाही. सुताचा ताण सर्वत्र सारखा आहे, कारण एकरंगी मोठे भाग नसल्याने कुठे सैल आणि कुठे घट्ट असे झालेले नाही, हे त्यांनीच लक्षात आणून दिले. नेहमीच्या डिझाइनमध्ये फूल आणि जमीन यांची वीण वेगवेगळी असते आणि त्यांच्या सीमेवर कापड आकसते, तो त्रास इथे नाही.

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक घर चौकोनी असते. कापडात इंचाला ताण्याचे सुमारे 36 आणि बाण्याचे 40 धागे असल्याने घर किंचित बसके होते आणि त्रिकोणही बसतात. मला ते रुचले. अव्यवस्थेची पाचर पडद्यावर 45 अंशांनी उतरते, कापडात तिचा उतार थोडा सौम्य झाला आहे.

17 फेब्रुवारी 2025

पूर्ण चादर मागावरून उतरली. वरच्या काठाला निळ्या पांढऱ्या टिपक्यांची स्वच्छ रांग आहे, तिच्यात पाच ठिकाणी जोडटिपका, आणि त्या पाच जागांपासून पाच पाचरी खाली येतात. सुरुवातीला त्यांच्यामध्ये सात धाग्यांची शिस्तबद्ध नक्षी उभ्या पट्ट्यांत टिकून आहे. पुढे पाचरींच्या कडा शेजारच्या पाचरींना भिडतात, तिथे शिस्त संपते आणि उरलेल्या भागात लहान त्रिकोणांचा घनदाट विस्तार आहे, ज्यात एकही त्रिकोण सहा धाग्यांहून रुंद नाही. नियम 30च्या नेहमीच्या चित्रांत अधूनमधून येणारे मोठे मोकळे त्रिकोण इथे जन्मायच्या आधीच तुटलेले आहेत. त्यामुळे पोत अधिक बारीक आणि अधिक एकजीव झाला आहे. ही या मागाची आणि या सुताची मुद्रा आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही माध्यमात मी सहाची मर्यादा घातली नसती.

कारखान्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी चादर पाहून विचारले, “हे काढलं कुणी, तुम्ही का कॉम्प्युटरनं?” प्रश्न मनापासून होता, म्हणून त्यांना सावकाश सांगितले. घरे संगणकाने भरली. कोणता नियम घ्यायचा, एकच घर भरून सुरुवात करायची, बांधणीचा टिपका पुढच्या ओळीत मोजायचा आणि जोड उघडा ठेवायचा, हे मी ठरवले. सहा आणि 400 हे आकडे या कारखान्याने दिले. त्यांनी बराच वेळ टिपक्यांच्या पहिल्या रांगेवर बोट फिरवले आणि जोडटिपका स्वतः शोधून काढला. कोपऱ्यात माहितीचा फलक लावायचा झाल्यास त्यावर या तीन वाक्यांहून जास्त काही लिहिण्याची गरज आता मला वाटत नाही.

24 फेब्रुवारी 2025

कापडाची मागची बाजू आज तपासली. तिथे निळ्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी निळा येतो, शिवाय कापड उलटून धरल्यामुळे डावे उजवे बदलतात. रंगांची अदलाबदल आणि डावी उजवी अदलाबदल या दोन्ही गोष्टी नियम 30वर एकदम केल्या तर नियम 149 मिळतो. तोही वुल्फ्रॅम यांच्या 256 नियमांच्या यादीतील स्वतंत्र क्रमांकाचा नियम आहे. म्हणजे माझ्या हातात एकाच विणीत दोन नियम आहेत, समोर 30 आणि मागे 149, आणि मागच्या बाजूसाठी कोणीही वेगळे काही केलेले नाही. पडद्यावरच्या किंवा कागदावरच्या चित्राला मागची बाजू नसते, म्हणून तिथे हे नाते सांगावे लागते. कापडात ते आहेच.

यावरून मांडणी बदलली. चादर भिंतीला लावायची नाही. छतापासून दोन दोऱ्यांवर सोडायची, जेणेकरून दोन्ही बाजूंनी फिरून पाहता येईल. प्रकाश एका बाजूने न देता वरून द्यायचा, कारण एका बाजूच्या प्रकाशात मागची बाजू फिकी पडते.

6 मार्च 2025

नावाचा निर्णय झाला: ‘400 भागिले 7’. ‘सोलापुरी चादर’ हे शब्द शीर्षकात घेतलेले नाहीत. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामागे पिढ्यांचे ठरलेले काम आहे आणि माझे एकपदरी कापड त्या व्याख्येत बसवण्याचा मला अधिकार नाही. फलकावर ‘सोलापूर येथे जेकार्ड मागावर विणलेले’ एवढेच असेल, आणि मास्तर, कार्ड कारागीर व विणकर यांचा उल्लेख त्यांची संमती घेऊन माझ्या नावाच्याच आकाराच्या अक्षरांत असेल.

पुढचे काम 600 हुकांच्या मागावर करण्याची बोलणी सुरू आहेत. 600ला 7ने भागले तर बाकी 5 उरते, म्हणजे वळसा पूर्ण होताना दोन टिपक्यांच्या मध्ये सहाऐवजी चार घरे राहतील आणि बिघाडाचे बीज चिकटलेल्या जोडीऐवजी किंचित आखूड अंतर असेल. ते कशी पाचर काढते, हे साखळी मोजून झाल्यावर लिहीन. त्याआधी बारीक सुतासाठी मर्यादा सहाच राहील की वाढेल, हे मास्तरांना विचारायचे आहे, कारण मर्यादा सातवर गेली तर 600 भागिले 8 म्हणजे बरोबर 75 होतात आणि त्या मागावर या पद्धतीने विणण्यासारखे काही उरणार नाही.